शेंड्यावरची चिंधी

मी सुंदरी बोलतेय. नावावरून भलतं काही मनात आणू नका, हे एका झाडाच्या जातीचं नाव आहे. दलदलीत वाढणारं, रुपेरी पाठीच्या पानांचं, लाल आणि लोखंडासारख्या कठीण लाकडाचं झाड. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनी कौतुकानं ठेवलं असेल. आज माझ्याकडे बघून ते कुणाच्या तोंडी येणार नाही. शेंड्यापासून कमरेपर्यंत मी वाळले आहे आणि फार दिवस उभी राहीन असं वाटत नाही. म्हणून घाई आहे.

एका बाईवर आळ आला. ती निर्दोष होती हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिच्या विरुद्ध गावानं पुरावा म्हणून बोट दाखवलं ते माझ्याकडेच. ते सांगितल्याशिवाय मला पडायचं नाही.

माझं बी होडीसारखं असतं, खाली कणा आणि आत हवा. ऐन पावसाळ्यात मी आईपासून सुटले, दोन भरत्या वाहत राहिले आणि खाडीच्या वळणावर चिखलात रुतले. तेव्हा पावसाळ्यात या खाडीचं पाणी माणसं ओंजळीनं पीत. उत्तरेकडून मोठी नदी गोडं पाणी आणायची, दक्षिणेकडून समुद्र खारं आणायचा, आणि दोघांच्या भांडणात आमची जात मजेत वाढायची. गोड्याचा जोर जास्त असे, म्हणून आम्ही उंच होतो.

समोरच्या काठावर माणसं आली, त्यांनी माझे भाऊबंद तोडले, मातीचा बांध घातला, आत भातशेती केली. गावाचं नाव कलमीखाली. मला तोडलं नाही, कारण माझ्या बुंध्याशी उंच माचीवर त्यांनी रानाच्या देवीचं, बोनबीबीचं ठाणं मांडलं होतं. वर ताडपत्रीचं छप्पर, आत मातीची देवी, तिच्या पायाशी मातीचा वाघ. हिंदू येत, मुसलमान येत, जंगलात जाण्याआधी सगळेच वाकत. जंगलात गेल्यावर वाघाचं नावही कुणी घेत नाही. मामा म्हणतात.

चैत्रात खालशीची झाडं फुलली की पुरुष होड्या घेऊन मधाला निघायचे. निघण्याच्या दिवशी प्रत्येक जण बायकोच्या साडीच्या काठाची एक चिंधी आणायचा आणि माझ्या एका फांदीला बांधायचा. तो परत येईपर्यंत ती फांदी त्या बाईची. नवरा जंगलात असताना बाईनं केस विंचरायचे नाहीत, अंगाला साबण लावायचा नाही, मिरची तळायची नाही, भरदुपारी झाडू मारायचा नाही आणि कमरेइतकं पाणी असो की घोट्याइतकं, खाडी ओलांडायची नाही. नियम पाळले तर तिची फांदी हिरवी राहते. मोडले तर पान पिवळं पडतं, आणि तिकडे जंगलात मामाला वास लागतो.

असं ते मानत. मी ऐकत असे. माझ्या फांद्या हिरव्या असत, कारण पाणी गोडं होतं. चिंधी कुणाची आहे हे मला कधी कळलंच नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी दोघींनाच ठाऊक आहे, मला आणि खांतोमणीला.

खांतोमणी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिचं घर बरोबर माझ्यासमोर, तीस हातांवर. नवरा मधाला जाऊन तीन दिवस झाले होते. सासू कुठेतरी गेलेली. तिनं जत्रेतून लपवून आणलेला गुलाबी साबण काढला, घरामागे बसून डोक्यापासून पायापर्यंत अंग घासलं, उन्हात बसून केस विंचरले, आणि मग कढईत सुक्या मिरच्या टाकून शिंकत शिंकत एकटीच हसत राहिली. भाताबरोबर त्या मिरच्या खाल्ल्या. खाताना अचानक थांबली आणि माझ्याकडे बघितलं. तिची फांदी फुलावर आली होती.

नवरा मधाची मडकी भरून परतला. पुढे पुष्कळ वर्षांनी तापानं गेला, अंथरुणात. पण मधाहून परतला त्या दिवशी खांतोमणीनं ठाण्यावर पाच बत्तासे ठेवले आणि मला तिरक्या नजरेनं एकदा पाहिलं. ती नजर मी विसरले नाही. ती पुन्हा दिसली त्याचीच ही हकिगत आहे.

खांतोमणीचा एकुलता एक मुलगा निरापद. उंच, बडबड्या, कामाला वाघ. त्याचं लग्न वरच्या भागातल्या मुलीशी झालं, जिथे विहिरीला अजून गोडं पाणी होतं. तिचं नाव पारुल. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी बांधावर उभी राहून ती तळ्यातलं पाणी प्यायली आणि तिनं तोंड वाकडं केलं.

"मा, या पाण्यात मीठ कुणी टाकलं?"

"आली, राजाची लेक आली," खांतोमणी म्हणाली. "निरापद, जा रे, हिच्यासाठी गंगा वळवून आण."

बायका हसल्या. पारुलही हसली. पण तिची जीभ खोटं बोलत नव्हती. माझ्या मुळांना ते केव्हाच कळलं होतं. उत्तरेची नदी कुठेतरी वरच अडवली गेली होती, तिचा जोर दर वर्षी ओसरत होता. समुद्र बोटाबोटानं वर येत होता. पूर्वी भरतीचं पाणी माझ्या घोट्याशी थांबायचं, आता गुडघ्याशी येऊन बराच वेळ उतरायचं नाव घेत नसे. हवेसाठी चिखलातून वर काढलेली माझी श्वासमुळं गाळानं बुजत होती. पाऊस उशिरा येई आणि आला की एकदम कोसळे, मुळांतलं मीठ धुवायला थांबत नसे. गावानं हे पाहिलं नाही असं नाही. रोज चिमूटभर वाढलं की सवय होते.

मग ते वादळ आलं. बांध फुटला. खांतोमणीचं घर, निरापदचं शेत, गोड्या पाण्याचं तळं, सगळ्यावरून समुद्र गेला आणि जाताना मीठ ठेवून गेला. शेत पांढरं पडलं. माणसं बांधावर झोपड्या घालून राहू लागली. निरापद शेतकरी होता, त्याला नांगर कळायचा, जंगल कळायचं नाही. पण पांढऱ्या जमिनीत नांगर काय करणार? तो मधवाल्यांच्या होडीत चढला.

त्यांचा म्होरक्या धनंजय बाउले. मंत्र म्हणून मामाचं तोंड बांधणारा, जंगलात पहिलं पाऊल टाकणारा. त्याचा शब्द गावात शेवटचा.

निरापदचं ते मधाला जायचं तिसरं वर्ष. पारुलची मुलगी टुनी तेव्हा चार वर्षांची. निघायच्या दिवशी सहा जण होडीतून माझ्यापाशी आले. पाच जणांनी हाताला येतील त्या खालच्या फांद्यांना चिंध्या बांधल्या. निरापदनं पारुलच्या हिरव्या साडीचा लाल काठ दातांत धरला आणि वर चढायला लागला.

"अरे उतर," धनंजय ओरडला. "मध काढायला जायचंय, नारळ नाही."

"काका, खाली तुम्हा सगळ्यांच्या बायकांची दाटी झालीय. माझी जरा मोकळ्या हवेत बसू दे."

"बायकोला इतकी डोक्यावर चढवशील तर उतरवणार कशी?"

"उतरवायचीच कशाला?"

खाली सगळे हसले. तो माझ्या अगदी शेंड्याला पोचला, तिथल्या सगळ्यात उंच फांदीला चिंधी बांधली, दोन गाठी मारल्या आणि समोरच्या बांधाकडे तोंड करून ओरडला, "पारुल, दिसते का?"

पारुलनं पदर ओढून घेतला. टुनी दोन्ही हात हलवत होती. खांतोमणी म्हणाली, "दिसते, दिसते. साऱ्या मुलखाला दिसते. उतर आता, मेल्या."

त्याला वाटलं, देवीला ही चिंधी सगळ्यांआधी दिसेल.

आता ऐका. सुंदरी मिठानं मरते ती शेंड्यापासून. मुळांना खाऱ्या पाण्यातून गोडवा ओढता येईनासा झाला की जे थोडं मिळतं ते वाटेतच संपतं आणि सगळ्यात वरच्या फांदीपर्यंत काही पोचत नाही. ती आधी जाते. मग तिच्या खालची. त्या चैत्रात माझा शेंडा आतून सुकायला लागला होता, फक्त पानं अजून हिरवी होती. एवढं मोठं झाड, आणि प्रेमापोटी त्यानं नेमकी तीच फांदी निवडली.

खालशीचा बहर त्या वर्षी आधीच येऊन गळला होता. जवळच्या रानात मधमाश्या नव्हत्या. धनंजय म्हणाला, दक्षिणेला जाऊ. होडी वळणाआड गेली.

पाचव्या दिवशी शेंड्याची पानं पिवळी पडली.

पारुलनं ते आधी बघितलं. ती रोज उठल्याबरोबर तोंड न धुता माझ्याकडे बघायची. त्या सकाळी ती तशीच उभी राहिली, हातातली केरसुणी खाली टेकवून. दुसऱ्या दिवशी खांतोमणीच्याही लक्षात आलं.

"बौमा," तिनं सुनेला हाक मारली, "काल काय केलंस?"

"काही नाही, मा."

"डोक्याला फणी लावलीस?"

"हे बघा केस. घरटं झालंय."

"मग पान पिवळं कशानं?"

"मला काय माहीत, मा. पाणी आणायला सोडलं तर मी घराबाहेर पडलेसुद्धा नाही."

खरं होतं ते. खाऱ्या पाण्यात खेळून टुनीच्या मांड्यांवर आणि टाळूवर फोड आले होते, त्यातून पाणी वाहत होतं. दवाखान्याच्या होडीतल्या बाईनं औषधी साबण देऊन ठेवला होता. नियम आईच्या अंगापुरता होता, मुलीच्या नाही. तरी पारुलनं साबणाला हात लावला नाही, उगाच कशाला धोका घ्या. पोरगी खाजवून खाजवून रडायची आणि ही तिचे हात धरून बसायची. म्हणायची, "बाबा येऊ दे, मग लावू. बाबा येऊ दे."

सातव्या दिवशी दोन पानं गळली.

गोडं पाणी तेव्हा पलीकडच्या गावच्या तळ्यातून आणावं लागे, बांधावरून जाऊन येऊन तीन तास. पारुल रोज एक घडा आणायची. त्यात तिघींचं पिणं आणि भात. आठव्या दिवशी ती घडा घेऊन आली आणि घरात न जाता सरळ बांध उतरून खाडीकाठी आली. ओहोटी होती. मध्ये गुडघाभर पाणी आणि मांडीभर चिखल. ती बराच वेळ काठावर उभी होती. नियम तिला तोंडपाठ होता.

मग तिनं साडी खोचली आणि आत पाय टाकला.

माझ्या बुंध्याशी येऊन ती धापा टाकत होती. घडा वाकवला आणि सगळं पाणी माझ्या मुळांवर ओतलं.

"पी गं," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं पाणी आहे. पी. फक्त चार दिवस हिरवी राहा."

माझ्या एका मुळाला, करंगळीएवढ्या, ते पाणी लागलं. कितीतरी वर्षांनी चैत्रात गोडं पाणी. मी ते ओढलं, आणि पुढच्याच भरतीनं त्याचा मागमूस ठेवला नाही. एका घड्यानं माझं काय होणार होतं? मी तिला थांबवू शकले असते तर म्हटलं असतं, घरी जा, पोरीला पाज.

ओतून झाल्यावर तिनं खाली वाकून खाडीच्या पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. थुंकली. मग वर शेंड्याकडे बघितलं, मग परत मुळांकडे. असं दोन-तीनदा.

"मीठ," ती म्हणाली. "अगं, तुला मीठ झालंय."

साऱ्या कलमीखालीत हे तिला एकटीला कळलं. तरी दुसऱ्या दिवशी ती परत आली, तिसऱ्याही. कळलं म्हणून हात थांबत नाहीत. नवरा तिचा होता. तिसऱ्या दिवशी परतताना चिखलातून वर चढली तेव्हा बांधावर शैलबाला उभी होती, धनंजयची बायको.

"कुठे गं गेली होतीस?" शैलबालानं विचारलं.

पारुलनं रिकामा घडा पदराआड केला. तेवढं पुरलं.

बाराव्या दिवशी होडी आली. आत पाच जण होते.

परत आल्यावर आधी ठाण्याशी यायचं अशी रीत. धनंजयच्या हातात निरापदचा गामछा होता, घडी केलेला. घडी कशासाठी केली होती ते सगळ्यांना दिसत होतं, रक्त आतल्या बाजूला जावं म्हणून. माझ्याखाली बसून त्यांनी आपसांत सांगितलं ते मी ऐकलं. दक्षिणेचं बेट, जिथे ते नेहमी उतरायचे, अर्धं पाण्याखाली गेलेलं. उरलेल्या कोरड्या पट्टीवर माणसं उतरली, आणि तिथेच मामाही होता, कारण त्यालाही दुसरीकडे कोरडं राहिलेलं नव्हतं. निरापद धूर करायला सुकं गवत गोळा करत होता. ओरडलासुद्धा नाही.

मग पाचही जणांनी आपापल्या चिंध्या सोडल्या. खालच्या फांद्या, हिरव्यागार. शेंड्यावरची चिंधी सोडायला कोण चढणार? ती राहिली.

तिसऱ्या दिवशी सगळं गाव ओहोटीला इकडे आलं. पारुल पांढऱ्या साडीत, हातातल्या शंखाच्या बांगड्या फोडलेल्या. टुनी आजीच्या कडेवर. धनंजय ठाण्याशी बसला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायला हवं. निरापद त्याच्या मागून चालत होता, त्याच्या मंत्राच्या भरवशावर. आता मंत्र खोटा ठरायचा किंवा बाई.

"पोरी, वर बघ," तो म्हणाला. "फांदी वाळलीय. खालच्या सगळ्या हिरव्या. तूच सांग काय ते."

पारुलनं हातातला लोटा खाली ठेवला. येताना तिनं तो खाडीतून भरला होता.

"काका, हे चाखा."

"काय आहे हे?"

"या झाडाच्या बुंध्याचं पाणी. झाड मिठानं मरतंय. चाखून बघा म्हणजे कळेल."

"खाडीचं पाणी खारट, हे तू मला शिकवणार?"

"पूर्वी इतकं नव्हतं. तुमच्याच तोंडून ऐकलंय, तुमचे वडील पावसाळ्यात हे पीत. थोडं थोडं वाढलं म्हणून तुम्हाला लागलं नाही. मी बाहेरून आले, मला पहिल्याच घोटाला लागलं."

"मीठ सगळ्या झाडाला. मग तुझीच फांदी का वाळली?"

"कारण त्यानं सगळ्यात वर बांधली," पारुल म्हणाली, आणि इथे तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "झाड वरून मरतं, काका. खाली बांधली असती तर माझीही हिरवी असती. आणि तो तरीही गेला असता."

गर्दीतल्या दोन-तीन माणसांनी माना वळवून रानाकडे पाहिलं, आणि त्यांना दिसलं असणार. एकटी मी थोडीच होते. वळणापर्यंत जितक्या सुंदरी होत्या, सगळ्यांचे शेंडे करडे पडले होते. धनंजयनं वर बघितलं, खाली बघितलं. त्याचा हात लोट्याकडे गेला.

आणि तेवढ्यात माझं एक पान गळलं.

वारा नव्हता. देठ कुजला होता, सुटला. ते पिवळं पान गिरक्या घेत खाली आलं आणि लोट्यात पडलं. मी ते धरून ठेवायला हवं होतं. आयुष्यभर एवढी वादळं अंगावर घेतली, एक पान मला अर्धी घटका धरता आलं नाही.

धनंजयनं हात मागे घेतला.

"आईनं उत्तर दिलं," तो म्हणाला.

तरीही गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं, "पण ती म्हणते ते..." तेव्हा खांतोमणी पुढे झाली.

"बौमा, एवढंच सांग. तू खाडी ओलांडलीस की नाही?"

"ओलांडली, मा."

"किती वेळा?"

"तीनदा. फांदी वाचावी म्हणून."

"ही पोरगी घोटभर पाण्याला रडत होती, आणि तिच्या तोंडचं पाणी तू झाडाला घातलंस. हो की नाही?"

पारुलनं टुनीकडे बघितलं. टुनीचे ओठ फुटलेले होते.

"घातलं."

"संपलं मग," खांतोमणी म्हणाली.

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. तीच तिरकी नजर. मध्ये किती वर्षं गेली, चेहऱ्याचं सुरकुतलेलं फडकं झालं, पण नजर सतरा वर्षांच्या मुलीचीच. गुलाबी साबणाची, कढईतल्या मिरच्यांची. तिला सगळं आठवत होतं. ती बोलली असती तर पारुल सुटली असती. पण मग तिचा मुलगा कशानं गेला याला गावाकडे उत्तर उरलं नसतं, आणि तिच्याकडेही. तिनं मान फिरवली.

पारुलला बांधाच्या टोकाला जायला सांगितलं, जिथे अशाच इतर बायका राहतात. नवरा खाल्लेल्या, असं त्यांना म्हणतात, तोंडावरसुद्धा. टुनी आजीपाशी राहिली. पोरीनं आईचा पदर दोन्ही मुठींत धरला होता. एकेक बोट सोडवावं लागलं. ते शैलबालानं केलं.

"उगीच रडवू नकोस तिला," ती पारुलला म्हणाली. "जा तू. मागे बघू नकोस."

त्या संध्याकाळी खांतोमणीनं औषधी साबण काढला आणि टुनीला अंघोळ घातली.

पारुल आता कोळंबीची पिल्लं पकडते. कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात उभं राहून दिवसभर जाळं ओढायचं, भरतीला इकडून तिकडे, ओहोटीला तिकडून इकडे. खाडी ओलांडू नये हा नियम तिच्यासाठी राहिला नाही, तिला जपायला नवराच नाही. दिवसातून चारदा ती माझ्यासमोरून जाते. तिच्या पायांची साल निघालेली असते.

पुढच्या चैत्रात धनंजयनं आपल्या बायकोची चिंधी शेंड्याच्या खालच्या फांदीला बांधली. आता मोठ्या भरतीला सगळ्यात खालच्या फांद्यांपर्यंत पाणी चढायचं, मधल्या बाकीच्यांनी घेतल्या होत्या, दुसरी जागा उरली नव्हती. चार दिवसांत शैलबालाची फांदी वाळली.

गाव एकदम चिडीचूप झालं. शैलबाला दाराबाहेर येईना. कुणी तिला विचारायला गेलं नाही, काल काय केलंस म्हणून. चौदाव्या दिवशी होडी आली, सगळे धडधाकट, मध नावापुरता. धनंजयनं वर बघितलं आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"झाडातच खोट आलीय," शेवटी तो म्हणाला. "आईनं हे झाड सोडलं."

त्यांनी ठाणं उचललं आणि पलीकडच्या गेव्याखाली नेलं. गेवा म्हणजे आमच्यातलं चिवट झाड, डोळ्यांत गेला तर आंधळं करणारा चीक असलेलं. त्याला मीठ बाधत नाही. कितीही खारं पाणी येऊ द्या, तो हिरवाच. आता कलमीखालीतल्या सगळ्या बायका वर्षानुवर्षं निष्पाप ठरतील. काय करायचं ते करा, बायांनो. साबण लावा, मिरच्या तळा. गेवा तुमची साक्ष देईल.

ठाणं नेताना शैलबाला नवऱ्याच्या मागे होती. तिनं हळूच विचारलं, "मग निरापदच्या बायकोचं?"

"तिची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? झाडातच खोट होती ना?"

"तिनं खाडी ओलांडली होती," धनंजय म्हणाला. "छप्पर नीट धर, पडेल."

तिनं छप्पर नीट धरलं.

आज सकाळी ओहोटीला पारुल आली. हातात कोयता होता. देवी गेल्यावर माझ्या वाळक्या फांद्या तोडायला कुणाची हरकत राहिलेली नाही. ती चढली, जिथे जिथे निरापदनं पाय दिला होता तिथेच तिनंही दिला, तिला ते ठाऊक नसावं. शेंड्याशी पोचली. चिंधी अजून होती, रंग उडालेली, दोन गाठींची. तिनं ती सोडायचा प्रयत्न केला. गाठी पाण्यानं आणि उन्हानं आवळल्या होत्या. दातांनी सोडवल्या.

समोरच्या बांधावर टुनी उभी होती, सहा वर्षांची. तिनं हात हलवला नाही. झाडावर कोण आहे ते तिला कळलं असेल की नाही, मला सांगता येत नाही. आतून खांतोमणीनं हाक मारली आणि पोरगी गेली.

पारुलनं शेंडा तोडला, फांद्यांची मोळी केली आणि त्याच चिंधीनं बांधली. उतरताना माझ्या बुंध्याशी थांबली, वाकून बोट बुडवलं, चाखलं, थुंकली. आता ती सवय झाली आहे.

"उद्या येते," ती म्हणाली. "कोरडी आहेस, बरी जळशील."

ये बाई. खालपर्यंत सगळी ने.

तिच्या झोपडीतून आता धूर निघतोय. तो माझाच शेंडा आहे, त्यावर तिचा भात शिजतोय. माझ्याकडे मागायला फारसं काही उरलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलात तर माझ्या बुंध्यापाशी वाका, बोट बुडवा, चाखा. थुंकलात तरी चालेल. मग बांध चढून त्या पोरीला शोधा आणि तिला एवढंच सांगा, की तुझी आई रोज ज्या पाण्यात उभी असते तेच पाणी दोषी होतं. लवकर या. भरती लागली आहे, आणि माझ्या मुळांखालची माती आता सुटते आहे.